ताईने इन्सुलिन बंद केलंय

रविवार, संध्याकाळ

ताईने इन्सुलिन बंद केलंय. तीन आठवडे झाले आणि मला आज कळलं, तेही तिच्या पायाचा अंगठा काळा पडलेला दिसला म्हणून.

आज तिच्यासोबत डोंबिवलीच्या तिच्या नव्या चर्चमध्ये गेलेले. तिथले पास्टर म्हणाले की औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. सगळा हॉल माना डोलवत होता. मी संडे स्कूलच्या मुलांना इतकी वर्षं सांगत आले, कुणीही काही शिकवलं तरी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तपासून बघा. मग तेव्हाच का नाही उठले?

उपासना संपल्यावर विचारलं, "हे शास्त्रात कुठे आहे?"

ते हसले. "बाई, माझ्यावर शंका म्हणजे देवावर शंका."

आमच्या जुन्या चर्चचे म्हातारे पाळक असं कधी बोलले नाहीत. माझं चुकलं तर दाखवून द्या, असं ते स्वतःच सांगायचे.

मग पास्टरनी वाकून ताईच्या अंगठ्यावर हात ठेवला आणि जखम बरी झाल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं. अंगठा तसाच होता, काळा. वासही येत होता.

रिक्षात मी म्हणाले, "ताई, सरळ हॉस्पिटलला चल."

तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी हात ठेवला तेव्हा तूही आमेन म्हणालीस. मी ऐकलं."

मी म्हणाले होते. सगळे म्हणत होते, म्हणून.

ती लंगडत उतरली आणि मला आत न बोलावता तिने दार लावून घेतलं.