खासदारांच्या सहीचा शिक्का

३ तारीख, सोमवार

नोकरी लागली! घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर असली म्हणून काय झालं, बुडाखाली खुर्ची तर आहे. आधीच्या चार नोकऱ्यांत टेकायलाही मिळालं नाही आणि मी टिकलोही नाही. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी. ही वही मोठ्या बाईंनी दिली. त्या इथल्या दप्तरखान्याच्या प्रमुख. म्हणाल्या, रोज दोन ओळी खरड, म्हणजे जागेवर बसायची सवय लागेल.

एका वारलेल्या खासदारांचे कागद आलेत, एकोणीस खोकी. सगळे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या कराचे. कशावर किती कर, वाढवायचा की उठवायचा, त्यावरचे मसुदे, भाषणं, लोकांची पत्रं. मी गंजक्या टाचण्या काढायच्या, धूळ झटकायची, कागद नव्या फोल्डरात घालून वर पेन्सिलीने आकडा टाकायचा. वाचायचं नाही. बाई म्हणाल्या, आठवी नापास मुद्दाम घेतला, शिकलेली पोरं वाचत बसतात. मी पण हसलो.

खोली तळघरात. एक दार, खिडकी नाही. कागदांसाठी गार ठेवतात. रोज सकाळी तापमान लिहायचं. आज अठरा.

६ तारीख, गुरुवार

अठरा. चार दिवसांत मी बोललेली वाक्यं बोटांवर मोजता येतील. बाई वरच्या मजल्यावर. वॉचमन मला प्रोफेसर म्हणतो. संध्याकाळी कुलूप लावताना विचारतो, प्रोफेसर, आज किती टाचण्या पास झाल्या? झालं, संपलं बोलणं. घरी फोन केला तर आई दोन मिनिटांत भावाच्या पोराच्या कानाला फोन लावते. पोरगं विचारतं, कोण बोलतंय?

सातव्या खोक्यात पाकिटांचा गठ्ठा निघाला. चाळीस वर्षांपूर्वीची, एकही फोडलेलं नाही. बंद पाकीट बंदच ठेवायचं असा नियम आहे. मी एक फोडलं. कोणीतरी कोणालातरी काहीतरी म्हणतंय, एवढंच ऐकायचं होतं.

कंदिलाच्या काचा करणाऱ्या कारखान्याच्या मुकादमाचं पत्र. अक्षर माझ्यासारखंच, कोंबडीचे पाय. लिहिलंय, साहेब, बाहेरच्या काचेवरचा कर उठवू नका, मत देण्याआधी एकदा येऊन बघा. मालक पळाला. भट्टी विझली की आतली काच गोठते, भट्टी तडकते, पुन्हा पेटत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत आम्ही अकरा जण ती विझू देणार नाही.

काय हुक्की आली कोण जाणे. कोरा कागद घेतला आणि लिहिलं, तुमचं पत्र पोचलं, मी स्वतः येतो. खासदारांच्या सहीचा रबरी शिक्का त्याच खोक्यात होता. तो खाली मारला आणि कागद पत्रामागे ठेवून दिला. इथे कोण वाचतंय!

७ तारीख, शुक्रवार

माझा कागद नाही. त्याच्या जागी बंद पाकीट, अक्षर मुकादमाचं. साहेब, उत्तर आलं! पोरं नाचली. भट्टीजवळ तुमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. कधी येता?

वॉचमनला धरलं. तो म्हणाला, प्रोफेसर, मला अंगठ्यापलीकडे लिहिता येत नाही, तुमची थट्टा काय डोंबल करू?

फाडून टाकायला हवं होतं. पण कधी येतोस, असं मला दोन वर्षांत कोणी विचारलेलं नाही. लवकरच येतो, असं लिहिलं. शिक्का मारला.

१० तारीख, सोमवार

चोवीस. बाई म्हणाल्या, गार हवेचं यंत्र ठीक आहे, तुलाच ताप असेल.

आज मुकादमाने विचारलं, साहेब, जेवता ना वेळेवर? मी दोन पानं लिहिली. खोलीबद्दल, खानावळीबद्दल. शिक्का मारला. लिहिताना बरं वाटत होतं.

१२ तारीख, बुधवार

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्राचं कात्रण. कर उठला. खासदारांचं मत उठवण्याच्या बाजूने. त्याखालीच दुसरं, वीस दिवसांनंतरचं. भट्टीचं छप्पर कोसळलं, आतले अकराही गेले. मुकादमही. बाहेर या म्हणून लोक सांगत होते, तर म्हणे, साहेबांचं उत्तर यायचंय.

कात्रणावर चाळीस वर्षांपूर्वीची तारीख. आजच्या पाकिटावर आजची. पाकीट गरम आहे. भाकरीसारखं गरम.

१३ तारीख, गुरुवार

एकतीस. सगळं खरं लिहिलं. मी साहेब नाही, साहेब मेले, मी टाचण्या काढणारा, शिक्का मारला ती चूक झाली. माफी मागितली.

हात धुऊन येईपर्यंत उत्तर. साहेब, अशी थट्टा नको. साहेब नाहीत, हे आम्ही चाळीस वर्षं ऐकतोय. यायला जमत नसेल तर आम्हीच न्यायला येतो. शनिवारी.

१४ तारीख, शुक्रवार

बाईंना खाली आणलं. त्यांनी शाल घट्ट केली, म्हणाल्या गार आहे. फोल्डर उघडलं. त्यांना फक्त माझी पत्रं दिसली, माझ्या अक्षरात, शिक्क्यासकट. रागावल्या असत्या तर बरं. मऊ आवाजात म्हणाल्या, थोडे दिवस घरी जाऊन ये, उद्या सामान ने.

आईला फोन केला, येतोय म्हटलं. ती म्हणाली, आत्ता? घरात पाहुणे आहेत, झोपायला जागा नाही, पुढच्या महिन्यात बघ.

१५ तारीख, शनिवार, सकाळी दहा

डबा आणि सदरा घ्यायला खाली आलो — पाच मिनिटांचं काम —

दाराची कडी हातात धरवत नाही. तापलीय.

बाहेर पावलं. बरीच. हळू, साहेबांची झोप मोडू नये अशी —

वॉचमनला हाक मारली. वरून ओरडला, प्रोफेसर, जिन्यात कुत्रंसुद्धा नाही —

पेन्सिल घामाने निसटते. लिहीत राहतो. लिहीत असलो की ते थांबतात, बहुतेक. अदब आहे त्यांना —

दार उघडलं. मी नाही —

रागावलेले नाहीत. केसांत काचेची धूळ. एकाने माझा डबा उचलून घेतला, मला जड होऊ नये म्हणून —

मुकादम विचारतोय, साहेब, निघण्याआधी घरी कोणाला कळवायचंय का. मी म्हटलं नको, घरी कोणी माझी वाट