क्लच दाबला की थांबणारा आवाज

आण्णा, तुमचा लांब दांड्याचा पेचकस माझ्या पोराच्या उशाखाली हाय. सासूबाई म्हणल्या, लेकराच्या उशाला लोखंड पायजे, सुरी ठेव. मला सुरीचं भ्या वाटलं, म्हणून म्या ह्यो ठेवला. तुमी जाऊन लई वर्सं झाली, तरी मुठीचा ऑइलचा वास गेला न्हाय.

तुमची जुनी गाडी माहेरच्या शेडात पडली व्हती, ती ह्यांनी आणली. भूमच्या मिस्तऱ्याकडं इंजिन पुरं खोललं, नवा पिस्टन टाकला. गाडी चालू झाली तवा लेकराला पुढं टाकीवर धरून ह्यांनी अंगणात चक्कर मारली. मी भाकरी थापत व्हते. तिथंच मला आवाज आला. बारीक घरघर, जात्यात खडा आल्यावानी. म्या म्हणलं, "अहो, कायतरी वाजतंय." हे म्हणले, "नवा पिस्टन हाय, वाजणारच. मिस्तरी तू का त्यो?" सासूबाई म्हणल्या, "देवीला जायच्या तोंडावर नाट लावू नको." पोराचं जावळ काढायला येरमाळ्याला जायाचं व्हतं. आमी तिघं त्याच गाडीवर, मधी घाट.

मला तुमचं दुकान दिसतंय. गाडी न्यूट्रलला हाय, पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ माझ्या कानाला. मी शाळा चुकवून बसलेली. "ऐक बाई, आता क्लच दाबतो. गेला का आवाज? मंजी इंजिन बरं हाय, दुखणं गिअरबॉक्सात हाय." म्या म्हणलं, वाजंना का, काय होतंय? तर तुमी एक फुटकी बेरिंग माझ्या हातावर ठेवली. "ह्यातली एक गोळी दात्यात अडकली की चाक जागेवर धरतंय. मग वर बसलेला कुठं जाईल?"

निघायच्या सकाळी सासूबाई पिशवीत नारळ भरत व्हत्या. म्या उशाखालचा पेचकस काढला आन लेकरू कडंवर घेऊन गाडीपाशी बसले. हे हसले, "कान कोरतीस का काय त्यानं?" म्या म्हणलं, "चालू करा. गिअर टाकू नका. दाबा क्लच." आवाज थांबला. "सोडा." आला. मग मूठ त्यांच्या कानाला लावली. परत दाबला, परत सोडला. हसणं गेलं. गाडी बंद केली आन म्हणले, "आये, येष्टीनं जाऊ."

देवीवरनं आल्यावर गिअरबॉक्स खोलला तवा बेरिंगच्या गोळ्यांला खड्डे पडलेले निघाले. नवी टाकली. गाडी आता गुमान चालती. माझा कानच गुमान बसंना. दमले ओ आण्णा ऐकून ऐकून. पोराला जरा खोकला आला की छातीला कान लावते, घरघर हाय का बघते. तिथं दाबायला क्लच न्हाय.

ह्यो कागद कुठं धाडू? तुमच्या पान्यांच्या डब्यात ठेवते. डॉक्टर म्हणले, पोरगं ठणठणीत हाय. तरी खरं सांगते, एवढं लिहिस्तवर दोनदा उठून कान लावून आले.