कुत्र्याचा वाटा

अतबाशी, १२ जुलै

आदरणीय सुयुंदुकदादा,

तुम्हाला, वहिनींना, पोरांना, मेंढरांना आणि तुमच्या त्या आगाऊ घोड्याला सलाम. वर डोंगरातल्या जैलूवर, उन्हाळी कुरणात, यंदा गवत बरं आहे ना? घोड्या दूध देतायत ना? आणि बरगडीखालचं दुखणं? वहिनींचा निरोप आला, "काही नाही, नुसतं अवघडलंय." वहिनी "काही नाही" म्हणतात तेव्हा काहीतरी असतंच, हे मी तीस वर्षं बघतेय. घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस ढोसून ते जायचं नाही, दादा. असो. इकडे माझी कशी फजिती झाली ती ऐका.

दवाखान्यातल्या लोकांनी मला गळ घातली, की बाई, तुम्ही जीवशास्त्र शिकवता, चित्रंही बरी काढता, तर कुत्र्याच्या पोटातल्या किड्यावर एक चित्रकथा काढून द्या. (भाषणं त्यांनी सहा वर्षं केली. लोक येतात, चहा पितात, छान डुलकी काढतात.) मी महिनाभर डोळे फोडून सोळा पानं काढली. मेंढी कापली, तिची फोड आलेली कलेजी कच्चीच कुत्र्यापुढे टाकली, कुत्र्याच्या पोटात किडे झाले, त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांना लागली, पोराने कुत्र्याला कुरवाळून त्याच हाताने नान खाल्ला, आणि पोराच्या पोटात पाण्याचा फोड वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहिला. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. किड्याला मी टोपी घातली, मिशा दिल्या. मला वाटलं, आता गाव जिंकलं!

सभागृहात पडद्यावर पानं दाखवायला लागले, तर तिसऱ्या पानावरच्या पंगतीच्या चित्रालाच बोलोतकान आबा काठी आपटून उठले. (ते चौऱ्याऐंशीचे. उठून उभे राहीपर्यंत सगळा गाव श्वास धरून बसतो.) म्हणाले, "किडा राहू दे गं पोरी. मानाच्या जागी बसलेल्या या म्हाताऱ्याला खांद्याचं हाड कुणी वाढलं?" दादा, मी गारच पडले. जंबाश, म्हणजे कमरेचं हाड, सगळ्यात थोराचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खांद्याचं हाड चपटं, काढायला सोपं, म्हणून मी घाईत तेच काढून बसले. मग काय विचारता! चित्रातली वाढणारी सून कुणाची, तिला वळण कुणी लावलं नाही, छे, दोष सुनेचा नाही, सासूचा, आणि सासू तर कुठल्याच पानावर नाही, म्हणजे ती गेली कुठे? दोन तास हेच चाललं. माझ्या टोपीवाल्या किड्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

हाड सुधारून आठवड्याने पुन्हा गेले, तर दुसऱ्या मानाच्या हाडावरून जुंपली. तेव्हा माझं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला मी चित्रातल्या कुत्र्यालाच जेवणाच्या दस्तरखानाच्या कडेला आणून बसवलं आणि विचारलं, सगळ्यांचे वाटे ठरलेत ना, मग याचा वाटा कोणता ते सांगा. हाडाहाडाचा धनी ज्यांना तोंडपाठ, त्यांना हे सुचेना. आबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "पाहुण्याला आपण कच्चं वाढतो का? हा तर घर राखतो. याचंही चांगलं तासभर शिजवूनच द्या. आणि फोड आलेलं असेल ते खोल पुरा, तो कुणाचाच वाटा नव्हे." झालं! दुसऱ्या दिवसापासून घरोघरी कुत्र्याचं वेगळं पातेलं चुलीवर चढतंय.

तेव्हापासून मी विचार करतेय, दादा. आज विचारलं तर किड्याची जन्मकथा गावात एकालाही धड सांगता यायची नाही. आणि माझ्या वर्गात तीच कथा बाण काढून लिहिणारी, दहापैकी दहा मिळवणारी पोरं घरी जाऊन कच्ची कलेजी कुत्र्यापुढे टाकत होती. मीही टाकत होते की! शिकवायची मी, आणि टाकायचीही मीच. लोकांना कळत नाही म्हणून बावीस वर्षं चरफडले, आणि त्यांना काय कळतं ते एकदाही विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

वहिनींना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे.

तुमची धाकटी,
अनारकान

ता.क. चित्रातल्या म्हाताऱ्याला तुमचा चेहरा दिलाय. (नाक जरा लहान केलंय, रागावू नका.) आबांनी लगेच ओळखलं. म्हणाले, सुयुंदुकला कमरेचं हाड मिळायला अजून पुष्कळ अवकाश आहे, त्याला म्हणावं तोवर टिकून राहा.

ता.क. २. शुक्रवारी दवाखान्यात पोट तपासायचं यंत्र येतंय. यादीत तुमचं नाव पहिलं लिहिलंय. "पोरीबाळींपुढे मी आडवा होणार नाही" हे मला ऐकवायचं नाही.

ता.क. ३. मार्चमध्ये मी शिक्षकांच्या शिबिराला बिश्केकला गेले होते असं कळवलं होतं. खोटं होतं ते. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. माझ्या यकृतातून सफरचंदाएवढा फोड काढला. डॉक्टर म्हणाले, फार जुना आहे, बहुतेक लहानपणीचा. थंडीत आपण दोघं एकाच पांघरुणात, अक्तोश कुत्र्याला मध्ये घेऊन झोपायचो, दादा. शुक्रवारी या.