कोंडाजी आबांचं पान राहतंय की जातंय

लोणावळा,
शनिवार दुपार

प्रिय रेणुका,

आधी बातमी, मग हालहवाल. उलट क्रमाने लिहिण्याइतका धीर आज माझ्यात नाही. आपल्या कोंडाजी आबांवर, म्हणजे आंबीच्या घाटात बैलगाडा शर्यतीचं निवेदन करणाऱ्या, आणि ज्यांच्या मागे तू ऐन तारुण्यात दोन उन्हाळे धूळ खात फिरलीस त्या कोंडाजी आबांवर, इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात खटला उभा राहिला होता. आरोप असा, की हा माणूस चरित्रलेख लिहिण्याइतका मोठा नाही. शिक्षा, पान पुसून टाकणे. आणि पंचांमध्ये कोण, तर मी. हस. हसून झालं की पुढे वाच.

तुला ठाऊक नसेल, पण नववी-दहावीला संस्कृत शिकवून जो वेळ उरतो त्यात मी त्या ज्ञानकोशाची प्रचालक असते. प्रचालक हा भारदस्त शब्द; काम बिनपगारी झाडलोटीचं. कुणी आपल्या नगरसेवक मामावर आरती लिहितं, कुणी किल्ल्याच्या माहितीत स्वतःच्या रिसॉर्टचा फोन नंबर घुसवतं, ते झाडून काढायचं. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर उतरून मुंबईकरांच्या गाड्यांमधून भाजी आणण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

तर आबांचं पान त्यांच्या नातीने, प्रेरणाने, लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘ज्यांच्या पहाडी आवाजाने सह्याद्रीच्या कडेकपारी थरारतात’. कडेकपारींचं काय झालं मला माहीत नाही, पण आकाश मात्र थरारला. हा आकाश तळेगावचा. दिवसा एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी करतो आणि घरी येऊन ज्ञानकोशात तेच करतो. त्याने पानाच्या डोक्यावर ‘काढून टाकावे’ अशी पाटी लावली आणि कारण दिलं: लेखिका नात्यातली, संदर्भ शून्य. आठवडाभर चर्चा, मग निकाल. प्रेरणाने बिचारीने घरातली सगळी यात्रेची हँडबिलं फोटो काढून चढवली. तू ती पाहिलेली आहेस. वर देवी, खाली पंचकमिटी, मग फेटे बांधलेले गाडामालक, मग शुभेच्छुकांची पलटण, आणि अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाहूनही बारीक अक्षरात, ‘निवेदक’. वर्तमानपत्रांतही तेच. बैलाचं नाव येतं, मालकाचं येतं. ज्याने तो बैल पंचक्रोशीच्या तोंडी बसवला त्याचं येत नाही. आकाशने सगळी कात्रणं प्रामाणिकपणे वाचली आणि चर्चेत लिहिलं, ‘या संदर्भांवरून बैल उल्लेखनीय ठरतो.’ मी आधी पोट धरून हसले आणि मग मला वाईट वाटलं, कारण नियमाप्रमाणे तो बरोबर होता.

त्यात आमच्या ज्ञानकोशाचं तर्कशास्त्र तुला सांगायलाच हवं. आपल्याला बाईंनी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी प्रमाणं घोकायला लावली होती. इथे प्रत्यक्ष बाद. मी आबांना स्वतःच्या कानांनी ऐकलंय, याची किंमत काहीच नाही. अनुमानही बाद. चालतो फक्त शब्द, तोही छापील, तोही तिऱ्हाइताचा. आपले मीमांसक असते तर सुखावले असते. आंबीची मंडळी मात्र सुखावली नाहीत. कारण त्यांनी ‘चर्चा’ हा शब्द वाचला आणि त्यांना तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखा वाटला.

मग काय विचारतेस. तरुण मंडळाने वाडीवस्तीवर फिरून प्रचार केला. दोन दिवसांत ज्ञानकोशावर नव्या खात्यांचा पूर आला. ‘आबांचा नाद न्हाई करायचा.’ ‘ठेवा म्हंजे ठेवा.’ एकाने लिहिलं, ‘माझं मत आबांना, घरच्या चौघांचं पण धरा.’ एका मावशींनी फक्त बैलाचं चित्र टाकलं. आता आमच्याकडे मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. आणि अशी झुंड आली की उलट संशय वाढतो. आकाशने तक्रार नोंदवली, आणखी दोघांनी ‘काढा’ म्हटलं. पान हातचं चाललं होतं. पोरांना आवर म्हणून मी प्रेरणाला फोन केला, तर संध्याकाळी माझ्या दारात मंडळाचा अध्यक्ष स्वराज हजर, सोबत दोन मोटारसायकली आणि इंद्रायणी तांदळाची गोण. म्हणाला, “मावशी, आपलं पॅनल पडतंय का?” मी म्हटलं, अरे, हे पॅनल नाही, कारणं द्यायची असतात. “कारन काय द्यायचं? आबा हायेत ना. ह्येच कारन.” मी गोणीकडे बोट दाखवून विचारलं, पंचाला तांदूळ देतात का? तर दुखावून म्हणतो, “लाच न्हाई ओ मावशी, घरचा हाय.” गोण परत पाठवली. वास मात्र पडवीत दोन दिवस राहिला, त्याची मी कुठेही नोंद केलेली नाही.

हे आबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पोरांना झापलं. पण मग जे केलं ते आबांनाच सुचावं. गावच्या रिवाजाप्रमाणे विरोधी पार्टीच्या माणसाला यात्रेचं आवतण धाडतात, तसं त्यांनी प्रेरणाकरवी आकाशला धाडलं, तेही सगळ्यांना दिसेल असं, चर्चेच्या पानावरच. ‘पाव्हनं, घाटात या. ऐका. मग काय पुसायचं ते पुसा.’ आणि तो आला, रेणुका. इस्त्रीचा शर्ट घालून बैलगाड्याच्या घाटात, गाडे पळतात त्या धुळीच्या चढावर, आला. मीही गेले, तिऱ्हाईत म्हणून लांब उभं राहायचं ठरवलं होतं, ते पहिल्या बारीपर्यंत, म्हणजे पहिला गाडा पळेपर्यंत, टिकलं.

आबा आता पंचाहत्तरी ओलांडलेले. खुर्चीवर बसून बोलतात, एक गुडघा कामातून गेलाय, पण माईक तोंडाशी आला की वय खुर्चीखाली ठेवतात. मधल्या शर्यतबंदीच्या वर्षांत म्हणे क्रिकेटच्या सामन्यांना बोलायचे आणि फलंदाजाला खिल्लार म्हणायचे. गाडा सुटला, धुरळा उठला, आणि तीच ती एका श्वासातली धार: बैल कुणाचा, कुठल्या गावचा, त्याची आई कुठल्या बाजारची, मालकाने मागल्या साली काय फुशारकी मारली होती, सगळं यमकात, गाडा निशाणाला पोचायच्या आत पुरं. मग दोन बाऱ्यांच्या मधे नजर इस्त्रीच्या शर्टावर गेली आणि:

“कोशवाल्या पाव्हण्या, थांब जरा घाटात,
तुजा पुरावा पळत येतोय बैलाच्या थाटात!”

अख्खा घाट हसला. आकाशही हसला, तोंडात धूळ जाईपर्यंत. त्याला फेटा बांधला. परतताना सोमाटण्याला आम्ही चहाला थांबलो, तर फेटा काढून मांडीवर ठेवत तो म्हणाला, “मॅडम, आयुष्यात इतकी मजा आली नव्हती. पण हे मला पान ठेवायचं कारण म्हणून लिहिता येणार नाही.” मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्या डोक्यात कपबशी घालावीशीही वाटली. दोन्ही एकदम. निकालाला एकच दिवस उरला होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दहावीचा तास संपवून मी फोन उघडला, तर चर्चेत आकाशचं लांबलचक लिखाण. ‘मी माझी सूचना मागे घेत आहे.’ पठ्ठ्याने घरी जाऊन विद्यापीठांच्या संगणकीय भांडारात शोध घेतला होता. हँडबिलात जो बारीक अक्षरांत होता त्या माणसावर तिथे एक सबंध प्रकरण होतं, पीएच.डी.च्या प्रबंधात. तुझ्या.

थांब, पत्र ठेवू नकोस. माझ्या तोंडून तुझं नाव गेलेलं नाही. ज्याला पान पुसायचं होतं त्यानेच ते शोधलं, आणि मग जे झालं ते वाच. आकाशने तुझा मुद्दा जसाच्या तसा मांडला: बारी पापणी लवेपर्यंत संपते, तेवढ्यात समोरचा बैल, त्याचं गाव आणि मालकाचा स्वभाव नव्याने ओवायचा असतो, तीच ओळ दुसऱ्या बैलाला चालत नाही, म्हणून हे ओरडणं नाही, ही रचना आहे. कुणीतरी विचारलं, पुरावा? त्याने तुझी शब्दांकनं काढून दाखवली. दुसऱ्याने शंका घेतली की हे पाठ केलेलं असेल. तिसऱ्याने, ज्याला मी ओळखतही नाही, तुझाच तक्ता पुढे करून दाखवलं की तू टेप केलेल्या बाऱ्यांत यमकाची एकही जोडी पुन्हा येत नाही. तीन अनोळखी माणसं दिवसभर तुझ्या प्रकरणावरून भांडली, आणि भांडली ती अदबीने, पान क्रमांक देऊन. मी कडेला बसून नखं खात होते. निकाल मी दिला नाही. ‘वैयक्तिक संबंध’ लिहून बाजूला झाले आणि दुसऱ्या प्रचालकाने दिला. ‘ठेवावे.’ एकमताने. आंबीत फटाके वाजले, स्वराज सांगत होता, “मावशी, बिनविरोध आलो.”

आता मूळ गोष्ट. तुझ्या प्रबंधाच्या मौखिक परीक्षेच्या दिवशी त्या खोलीत मी मागच्या बाकावर होते. बाहेरून आलेले ते थोर परीक्षक म्हणाले होते, बैलांमागे ओरडणं काव्य असेल तर आमचा गवळी महाकवी, आणि खोली हसली होती. पदवी त्यांनी दिली, पण तू ती घेऊन जी इंदूरला बँकेत गेलीस ती नावाआधी कधी ‘डॉ.’ लावलं नाहीस, आणि त्या प्रबंधाचं नाव पुन्हा कुणापाशी काढायचं नाही अशी मला शपथ घातलीस. मी ती पाळली. खटल्यातही पाळली, जीभ दातांखाली धरून. पण काल प्रेरणाने तुझं प्रकरण आबांना वाचून दाखवलं. स्वतःच्या जुन्या जोड्यांपैकी त्यांना एकही आठवत नव्हती, म्हातारा ऐकत राहिला, दोनदा म्हणाला, “ह्ये मी बोललो व्हय?” आणि मग, “ती बाई कुटं हाय? तिला माझं बोलणं कळलं व्हतं. एकदा आवाज ऐकव म्हणावं.” त्यांना तुझ्या त्या टेपा ऐकायच्या आहेत, तुझ्यासमोर. प्रेरणाने ज्ञानकोशावर जाहीर विचारलंय, या संशोधिकेचा पत्ता कुणाला ठाऊक आहे का. प्रश्न तसाच पडून आहे आणि उत्तर माहीत असलेली बाई तुला पत्र लिहीत बसली आहे. रेणुका, तुझी परीक्षा या आठवड्यात पुन्हा झाली, तू गैरहजर असताना, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मला एवढंच कळव: शपथ मोडू का?

उत्तराची वाट बघत, अजून तरी गप्प असलेली,
तुझीच
माधवी