अक्काला कळलेला लेख

मंगळवार, संध्याकाळचे सात

लेख अजून पाठवलेला नाही. संपादकांचे दोन फोन येऊन गेले.

विज्ञानाचं सदर सुरू झाल्यापासून प्रत्येक लेख आधी धारूरच्या अक्काला फोनवर वाचून दाखवतो. थोरल्या बहिणीला कळला की वाचकांनाही कळणार, हा माझा जुना भरवसा. आज विषय होता, प्राणवायू कमी पडला की पेशी काय करतात. गुदमरलेली पेशी गप्प बसत नाही, असं लिहिलंय. बऱ्याचदा ती नेहमीपेक्षा जास्त पुड्या बाहेर टाकते, डोळ्यांना न दिसणाऱ्या, इवल्या पिशव्यांसारख्या. त्यांत इतर पेशींसाठी निरोप असतात. कर्करोगाच्या गाठीतून सुटलेल्या पुड्या दूरच्या अवयवात नव्या गाठीसाठी जागाही तयार करू शकतात.

एरवी अक्का चारदा अडवते. आज शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माज्या गाठीनं बी धाडल्या असतील का रे असल्या पुड्या?"

"शुक्रवारी तुझ्या गाठीचा रिपोर्ट आला की डॉक्टर सांगतील."

"डॉक्टरला कावून मधी घालतो? लिवलंय तू."

ते वाक्य काढू का, असं विचारलं.

"खरं हाय ना? मग ऱ्हाऊ दे. येवढा शहाणा झालास, तर खरं लिवायला भिऊ नको." आणि लगेच विचारलं, "वाचताना तुला माजी गाठ आठवली न्हाई का?"

आठवली होती. विषय निवडतानाच आठवली होती. तिची गाठ पसरली असू शकते, हे समोर बसून सांगायला जमलं नसतं, म्हणून तर लेखातून वाचलं ना?

तोंडातून मात्र "न्हाई अक्का" एवढंच निघालं.