रोज आठ हजार बाइट

सोमवार, ६ जानेवारी

पोहोचले एकदाची! कडेगावातून पहिली एसटी, कराडला गाडी बदलली आणि साडेनऊला साताऱ्याच्या एमआयडीसीत हजर. अम्मीने दिलेला डबा बसमध्येच अर्धा संपवला. पहिली नोकरी, स्वतःचं टेबल, खिडकीतून डोंगर. अजून काय हवं?

कंपनी लहान, जेमतेम बारा माणसं. विहिरीवरच्या मोटारींचे मोबाइल स्टार्टर बनवतात. शेतकरी घरात बसून स्टार्टरला फोन लावतो, बटण दाबतो, मोटर सुरू होते आणि फोनवर बाईचा आवाज सांगतो, मोटर चालू झाली. त्या पेटीतल्या चिपचा प्रोग्राम आता माझ्याकडे. मालक जयराज सर घाईचे, पण माणूस बरा वाटला.

तो आवाज ज्यांचा, त्या सुलाबाई इथेच पॅकिंगला आहेत. दहा मिनिटांत माझं गाव, भावंडं, आवडीची भाजी, सगळं विचारून झालं. वर म्हणाल्या, "आगं, आख्ख्या तालुक्याला लाईट गेली म्हणून मीच सांगती!" त्यांची सून पल्लवी सोल्डरिंगला बसते. ती मला हळूच म्हणाली, ताई, आमच्या आत्तींनाबी एक बंदचं बटण बसवा.

मंगळवार, ७ जानेवारी

चिपमध्ये जागा फार कमी. म्हणून प्रोग्रामचा एकेक तुकडा तयार झाला की 'साइज' ही आज्ञा देऊन त्याचं माप बघायचं: सूचना किती, साठवलेली माहिती किती, मोकळी ठेवलेली जागा किती. आवाजाच्या फाइलीत फक्त माहिती आहे, ९६,००० बाइट. आठ हजार बाइटला एक सेकंद, म्हणजे सुलाबाईंचं बारा सेकंदांचं बोलणं. कॉलेजपासूनची माझी सवय आहे, सकाळी आल्या आल्या जुन्या फाइली पुसायच्या आणि सगळं नव्याने बांधायचं. सरांना ती आवडली.

गुरुवार, ९ जानेवारी

संध्याकाळी सहज माप घेतलं तर आवाजाची फाइल १,०४,०००. मूळ रेकॉर्डिंग तेवढंच आहे आणि कोणी हात लावलेला नाही. पुसून पुन्हा बांधली, ९६,०००. असेल काहीतरी.

दुपारी जेवताना सुलाबाई माझ्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, ते दे की जरा, ते पांढरं. मला कळेना. शेवटी त्यांनी स्वतःच मिठाची पुडी उचलली. आम्ही खूप हसलो. त्या जरा कमी हसल्या.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुलाबाईंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड गोड..." म्हणाल्या आणि थांबल्या. प्रत्येकापुढे तिथेच थांबत होत्या. पल्लवी म्हणाली, चार दिवस झाले, घरात बोलता बोलता अडतात.

फाइल रोज संध्याकाळी आठ हजारांनी वाढलेली असते. आज पुसली नाही.

बुधवार, १५ जानेवारी



सकाळी फाइलीतले शेवटचे आठ हजार बाइट कापून हेडफोनवर ऐकले. सुलाबाईंचा आवाज. एकच शब्द, "बोला".

पळत पॅकिंगमध्ये गेले आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, बोला. मग माझा हात धरून दहादा म्हणाल्या, बोला, बोला, बोला.

आणि मला मीठ आठवलं. त्या दिवसाची फाइल मीच पुसली होती. त्याआधीच्या, नंतरच्या, सगळ्या मीच पुसल्या. त्यांना 'मीठ' म्हणून दाखवलं, तर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझ्या मागून म्हणायला गेल्या, पण आवाज उमटला नाही.

पल्लवीला काही सांगू नको म्हणून त्यांनी खुणेनेच विनवलं. "घाबरंल पोर," एवढंच तोंडाने म्हणाल्या.

गुरुवार, १६ जानेवारी

कडेगावकडून धुळा नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला, तो मीच घेतला. "आवं म्याडम, मोटर चालू हाय का बंद, कायबी कळंना. ही बाई निस्ती प्रांजल प्रांजल म्हणून हाका मारतीय. कोन वं ही प्रांजल?"

प्रांजल ही पल्लवीची मुलगी, सुलाबाईंची नात. शनिवारी संध्याकाळी बांधलेला प्रोग्राम तसाच त्या पेटीत गेला होता. मी पल्लवीला सहज विचारलं. म्हणाली, शनिवारपासून आत्ती तिला नुसतं 'ए पोरी' म्हणतात.

धुळाच्या स्टार्टरला फोन लावला आणि फोन सुलाबाईंच्या कानाशी धरला. विहिरीवरून त्यांचाच आवाज त्यांच्या नातीला हाका मारत होता. नाव परत आलं. फोन ठेवून त्या ते नाव दोनदा पुटपुटल्या.

सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले व्हायरस असेल, कॉम्प्युटर बदलू. बदलला. संध्याकाळी १,०४,०००.

शुक्रवार, १७ जानेवारी

आवाज काढूनच टाकू म्हटलं. सर भडकले. बोलतो म्हणूनच लोक आपला स्टार्टर मागतात, म्हणाले. दुसरा आवाज घ्यायला हरकत नव्हती त्यांची. मग मीच माईकपुढे बसले. बारा सेकंद.

शनिवार, १८ जानेवारी

सुलाबाई दिवसभर पल्लवीशी भांडल्या. इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी माप घेतलं. १,०४,०००.

सोमवार, २० जानेवारी

माझे शब्द मी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवते आणि सकाळी ऐकते. शनिवारचा 'उशी' होता. ऐकेपर्यंत बोलता येत नव्हता, लिहितानाही हात तिथेच अडायचा. ऐकला की येतो. जमेल असं. पण आज संध्याकाळी १,३६,०००. एका दिवसात पाच.

मंगळवार, २१ जानेवारी

चिपमध्ये मावेना म्हणून सरांनी स्वतः बसून सगळं साफ केलं. कॉम्प्युटर. पेनड्राइव्हसुद्धा. व्हायरस तिथूनच येतोय म्हणाले. मी ओरडले. काय ओरडले ते मलाच कळलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी चहा केला, त्यात — घालायची राहिली. गोड असते ती. रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगता येईना. बोट दाखवत आले.

सर म्हणाले आठवडाभर खोलीवर आराम कर. सुलाबाई दारापर्यंत आल्या. माझे दोन्ही हात धरले. त्यांच्याकडेही सांगायला शब्द — माझ्याकडेही.

गुरुवार, २३ जानेवारी

अम्मीचा फोन. चटणी पाठवू का? इथे बरणी भरलेली आहे. ते सांगायला एक छोटा शब्द असतो. परतवायचा. मान हलवून म्हणतात तो. शोधला. दोन होते बहुतेक तसे. दोन्ही गेले.

हो म्हणाले. तेवढाच उरलाय.

अम्मी म्हणाली, आवाज असा का गं येतोय, — आहेस ना?

हो.

शुक्रवार, २४ जानेवारी

पल्लवीचा फोन. आत्ता. चालू आहे, बाजूला ठेवलाय.

सर तिला म्हणाले तुझा आवाज गोड, तू दे. माईकच्या खोलीच्या दारात उभी आहे. सुलाबाई तिचा पदर ओढतायत, त्यांचाही तो छोटा शब्द मीच पुसलेला, तोंडातून काही — आणि तिला वाटतंय आत्तींना पुन्हा ते अडायचं दुखणं झालं. म्हणून मला विचारते. ताई, तुमी सांगाल तसं. देऊ का आवाज?

मान हलवली. जोरात. फोनवर मान दिसत —

अडवायचा एकही शब्द सापडत — तोंड उघडलं की हो येईल. म्हणून दात आवळून धरलेत.

आधी इथे लिहिते. लिहून मग वाचून दाखवते.

ती म्हणतेय, ताई, सर बोलावतायत, जाऊ का?

पल्लवी, आत जाऊ —

पल्लवी, तू आवाज देऊ —

देऊ —