टाळ्यांचं म्युझियम

५ ऑगस्ट २००६, शनिवार
अमेरिकेत, रेडमंडला ताईकडे येऊन महिना झाला. भावजींच्या मते जरा जास्तच. ताईनं आज सिॲटलला पॉप म्युझिक आणि सायन्स फिक्शनच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे एका खोलीत स्टेज, लाइट, धूर. जन्मात पहिल्यांदा गिटार गळ्यात अडकवली. वाजली! अख्खं गाणं वाजलं. अंधारातून टाळ्या, शिट्टी. एक बाई तर किंचाळलीच. डिप्लोमा दोनदा सोडला तो उगाच नाही. उद्यापासून रोज रियाज.

६ ऑगस्ट
रियाज नाही. गिटारच नाही. भावजी म्हणे, आधी क्लास लाव. जळतात.

१२ ऑगस्ट
बस बदलून एकटा गेलो. आधी पाच मिनिटं सायन्स फिक्शनकडे डोकावलो. रोबो बघण्यात दुपार गेली. शेवटी स्टेज. तीच दाद. किंचाळणारी बाई पुन्हा आली होती! फॅन.

१३ ऑगस्ट
महाराष्ट्र मंडळाच्या सुनेत्राकाकूंना फोन केला. गणपतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळाली. अनुभव विचारला. म्हटलं, सिॲटलमध्ये दोन शो. दोन्ही हाउसफुल.

२६ ऑगस्ट
भाचीला, अबोलीला, मामाचा शो दाखवायला नेलं. आधी तीच चढली. सहा वर्षांची पोर, गिटारला नुसत्या थापट्या मारल्या. तेच गाणं. त्याच टाळ्या, तीच शिट्टी. बाई तिच्यासाठीही किंचाळली! अबोली म्हणाली, मामा, इट्स अ रेकॉर्डिंग.
घरी येऊन ताईवर भडकलो. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! म्हणे, अरे, किती वर्षांनी कशात तरी मन लावलं होतंस, कुठल्या तोंडानं सांगू? सख्खी बहीण! भावजी म्हणाले, कार्यक्रम कॅन्सल कर. मुळीच नाही. पत्रिकेत नाव छापलंय. शिकायला आठवडा पुष्कळ झाला.

३० ऑगस्ट
भावजींच्या ऑफिसातल्या एकाची गिटार आणली. बोटं सोलली. एक कॉर्ड येते. अर्धी येते. गणपतीला भाव कळतो.

२ सप्टेंबर, शनिवार
मंडळाचा हॉल. दोनशे माणसं. ताई पहिल्या रांगेत, मान खाली. सुरुवात केली. गिटारनंही दगा दिला. मी जे वाजवलं तेच वाजलं. चार मिनिटं वाजवलं. ना टाळी, ना शिट्टी.
मग सुनेत्राकाकू विंगेतून प्रेमानं म्हणाल्या, ट्यूनिंग झालं असेल तर सुरू कर रे बाळा.
झालं, म्हणालो. आणि खाली उतरलो.